व्हरांड्याखालची एकतीस लाकडं

आमच्या गल्लीत घरं सात. सहा घरांना दोन्हीकडून शेजार आहे. सातवं आमचं, त्याला एका अंगाला शेजार आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. डोंगर म्हणजे नुसतं गवत, कमरेएवढं, आणि उन्हाळा लागला की दाढीसारखं पिवळं-पांढरं. हे घर आम्ही दोघांनी बांधलं. विटा मी वाहिल्या, दारं-खिडक्या ह्यांनी केल्या. त्यामुळे या घराबद्दल मला कुणी शहाणपण शिकवलेलं चालत नाही. तेव्हाही चालत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस फसवून गेला होता. गवत लवकर वाळलं आणि डोंगरापलीकडे दोन ठिकाणी पेटलंही. मग एक दिवस अग्निशमन दलाची बाई गल्लीत आली. बंबावर काम करते म्हणून गल्लीने पहिल्याच दिवशी तिला बंबवाली करून टाकलं. वय माझ्या सुनेएवढं, बूट माझ्या मुलाच्या मापाचे. हातात मोजायची टेप आणि एक कागद. प्रत्येक घराभोवती फिरायची आणि कागदावर काहीतरी लिहायची. पोस्टमनभाऊजी, म्हणजे आमचे शेजारी, त्यांनी आयुष्यभर लोकांची पोस्टकार्डं वाचली, त्यांनासुद्धा त्या कागदात डोकावता आलं नाही.

आमच्याकडे आल्यावर ती म्हणाली, लोकांना वाटतं आग चालत येते. ती उडत येते. वारा ठिणग्या कितीतरी पुढे आणून टाकतो आणि त्या बसायला जागा शोधतात.

"ठिणगीचं पाहुण्यासारखं आहे, आजी," ती म्हणाली. "खुर्ची दिसली की बसते. नाही दिसली तर निघून जाते."

मी तिला सांगितलं, पहिली गोष्ट म्हणजे मला आजी म्हणू नकोस, माझे दात अजून माझेच आहेत. दुसरी गोष्ट, आमच्या घरी आलेल्याला खुर्ची देतात. माझी सून मागे उभी राहून हसली. ते मी मनात ठेवलं.

मग तिने खुर्च्या मोजायला सुरुवात केली. छपराच्या पन्हळीत वाळकी पानं, ही एक. दारातलं काथ्याचं पायपुसणं, ही दुसरी. भिंतीला चिकटलेलं लाकडी कुंपण, ते तर म्हणे दिव्याची वात, आग त्याला धरून सरळ घरात येते. छपरावर रेललेल्या फांद्या, सुकलेला वेल, न्हाणीघराच्या जाळी नसलेल्या झरोक्यातून आत दिसणारा कपड्यांचा ढीग. माझी सून मान डोलावत होती, जणू माहेरचं कौतुक ऐकत होती. शेवटी आम्ही घराच्या मागे आलो आणि बंबवालीने टेप खिशात घातली.

तिथे ह्यांची लाकडं होती.

आमचे हे सुतार. हात असा की त्यांनी बसवलेलं दार पावसाळ्यातही घासायचं नाही. काम संपलं की उरलेला चांगला तुकडा घरी आणायचे आणि मागच्या भिंतीला रचायचे. म्हणायचे, लाकूड हे लोणी नव्हे, लगेच वापरायला. त्याला बसू द्यावं लागतं, वर्षानुवर्षं. रचताना टोकाला पेन्सिलीने लिहायचे, त्याचं पुढे काय करायचं ते. "खिडकी." "स्टूल." "कपाटाची दारं." मी शाळेत दोन वर्षं गेले, त्यातही अर्धे दिवस धाकटी भावंडं कडेवर. अक्षरं मला अशी-तशीच येत होती. सगळी अक्षरं मी त्या लाकडांवर शिकले. दुपारी हे झोपले की मी मागे जायची आणि टोकं वाचायची. "क" मला कपाटाने शिकवला. हे जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या भिंतीतला एक तुकडा मी कुणाला हलवू दिला नव्हता.

बंबवाली म्हणाली, हे सगळं घरापासून तीस पावलं लांब न्यायचं. सुताराला जे लाकूड उत्तम, तेच आगीला उत्तम. आतून बाहेरून वाळलेलं.

मी म्हटलं, ही भिंत माझी, लाकडं माझी, आणि डोंगर सरकारचा. सरकारने आपला डोंगर सांभाळावा.

तिने वाद घातला नाही. गल्लीकडे तोंड करून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, वारा नेहमी डोंगराकडून येतो. म्हणजे पहिली ठिणगी तुमच्या घरावर. तुमचं घर टिकलं तर गल्ली टिकेल. तुमचं पेटलं की सात घरं म्हणजे सात काड्या आहेत, एका पेटीतल्या.

हे तिने पोस्टमनभाऊजींसमोर बोलायला नको होतं. संध्याकाळपर्यंत ते सहा घरी पोहोचलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली झाडून-पुसून काढायची टूम निघाली आणि पुढारी कोण, तर माझी सून. मुलगा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिला सांगणारं कुणी नव्हतं आणि ऐकायची तिला सवय नव्हती. ती कपड्यांच्या कारखान्यात कापणीला आहे. थरावर थर रचलेलं कापड एका रेषेत कापते. घराभोवतीचं गवतही तिने तसंच कापलं, सरळ रेषेत, आणि भिंतीला लागून दोन हातांचा पट्टा उकरून त्यात खडी पसरली. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि सूचना देत राहिले. पन्हळीपर्यंत चढायला शिडी कशी लावायची, कुंपणाचा शेवटचा तुकडा कापून तिथे पत्रा कसा बसवायचा, ते मलाच माहीत होतं. सुतारणीला दुसरं काय येणार. सून म्हणाली, आई, तोंडाने एवढं गवत कापलं असतंत तर डोंगर बोडका झाला असता. मी म्हटलं, माझं तोंड असल्या किरकोळ कामाला वापरत नाही.

लाकडांवरून मात्र आमचं तीन दिवस बोलणं बंद होतं. चौथ्या दिवशी तीच आली आणि म्हणाली, आई, मला ती लाकडं नको आहेत असं नाही. मला घर हवं आहे.  मी हो म्हटलं. घरापासून तीस पावलांवर, उघड्या जमिनीवर दगड मांडायचे आणि त्यावर लाकडं रचून वर पत्रा टाकायचा, असं ठरलं. रचायचं काम मी मागून घेतलं. ह्यांची लाकडं, ह्यांच्याच बायकोने रचायची. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. म्हातारी सुधारली, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

म्हातारी कुठली सुधारते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

आमचा व्हरांडा लाकडी फळ्यांचा आहे, जमिनीपासून दीड हात वर. खाली पोकळी. बंबवालीने सांगितलं होतं की चारी बाजूंनी बारीक जाळी मारा, ठिणग्या आत जायला नकोत. सुनेने तीन बाजू मारल्या. चौथी, मागच्या अंगाची, मी मारते म्हटलं. सून कामावर गेली की मी लाकडं वाहायची. ज्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं ती तीस पावलांवर गेली. लिहिलेली मी व्हरांड्याखाली सरकवली. उघड्यावर पावसात पेन्सिल टिकत नाही. वाळवी, चोर, कुणाचं तरी चूल पेटवायचं निमित्त, माझ्याकडे कारणं भरपूर होती. एकतीस तुकडे. शेवटी जाळीच्या जागी एक जुनी फळी घट्ट टेकवली, ठोकून बंद केल्यासारखी, आणि हात झटकले.

बंबवाली पुन्हा तपासायला आली. घराभोवती दोनदा फिरली. खडीच्या पट्ट्यावर बुटाची टाच दाबून पाहिली. मग व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहून तिने विचारलं, "खाली काही नाही ना?"

"खाली काय असणार," मी म्हटलं. "उंदीर."

ती हसली आणि फाटकाच्या खांबाला हिरवा कागद चिकटवला. म्हणजे घर पास. सुनेने त्या कागदावरून असा हात फिरवला जसा मी मुलाच्या पहिल्या पगाराच्या पाकिटावरून फिरवला होता. मी आत जाऊन चहा टाकला. 

पंधरा दिवसांनी, दुपारी दीडच्या सुमाराला, डोंगराच्या माथ्यावर धूर दिसला. आधी एक दोरा, मग दोर, मग आभाळच तपकिरी झालं. वारा आमच्याकडे. सून कारखान्यातून धावत आली, केसांत कापडाची सुतं तशीच. आल्या आल्या तिने एकेक काम हातावेगळं केलं, कुठेही गडबड नाही. पडदे काढून खोलीच्या मध्ये टाकले. खिडक्या बंद. गॅसची टाकी बंद करून लांब नेली. पायपुसणं आत. बादल्या भरून चारी कोपऱ्यांना, शिडी भिंतीला. मी कागदपत्रं आणि ह्यांचा फोटो पिशवीत घातला.

बंबवाली गाडीतून भोंग्यावर सांगत फिरत होती की अर्ध्या तासात गल्ली सोडा, मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जा. आमच्या फाटकाशी ती थांबली. चेहरा काजळीने भरलेला. सुनेला म्हणाली, एकच बंब आहे माझ्याकडे. वळणावरच्या वृद्धाश्रमात चाळीस माणसं आहेत, त्यांना हलवायला वेळ लागतोय, मी बंब तिकडे नेते. तुमच्या गल्लीत ठेवला असता, पण तुमचं घर मी स्वतः तपासलंय. ते ठिणगी धरणार नाही.

असं म्हणून ती गेली.

पोस्टमनभाऊजींनी त्यांची गाडी दारात लावली होती. सुनेने मला मागे बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली, दार लावलं. आणि फाटक ओढून घेताना ती घराकडे बघून हळूच म्हणाली, आपल्याला जमलं ते सगळं केलं, आता त्याचं ते बघेल.

मांडीवरच्या पिशवीत ह्यांचा फोटो होता. मी त्याच्याकडे नाही पाहिलं. मी त्या हिरव्या कागदाकडे पाहत होते. त्या कागदाच्या भरवशावर बंब गेला होता. माझ्या एका शब्दाच्या भरवशावर. गल्लीतली सगळी माणसं घरं मागे टाकून निघाली होती आणि प्रत्येकाने जाताना आमच्या घराकडे बघितलं होतं, शेवटच्या, पास झालेल्या.

मला आयुष्यात कुणाची माफी मागावी लागली नव्हती. मागायची वेळ आली की मी आधी भांडण काढायची, म्हणजे समोरचाच मागायचा. पण भांडायलाही वेळ लागतो.

मी गाडीचं दार उघडलं.

"थांब गं," मी म्हटलं. "व्हरांड्याखाली लाकूड आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होते, ती काय म्हणेल त्याची. नऊ वर्षांचं तिच्याकडे साठलेलं होतं.

"किती?" तिने विचारलं.

"एकतीस."

"चला," ती म्हणाली.

तिने फळी लाथेने उडवली आणि पोटावर आत शिरली. ती आतून सरकवायची, मी ओढायची, आणि पोस्टमनभाऊजी, ज्यांना गुडघ्यांमुळे गेली पाच वर्षं पिशवीभर भाजी उचलवत नव्हती, ते एकेक तुकडा खांद्यावर घेऊन रस्त्याच्या मधोमध, डांबरावर नेऊन टाकायचे. तिथे पेटण्यासारखं काही नव्हतं. धूर घशात बसत होता. माथ्यावरून खाली येणाऱ्या आगीचा आवाज ऐकू येत होता, कुणीतरी मोठ्ठं कापड फाडत असल्यासारखा. "खिडकी" गेली. "स्टूल" गेलं. "कपाटाची दारं" मी आणि भाऊजींनी मिळून नेली.

शेवटचा तुकडा सर्वांत रुंद. सुनेने तो बाहेर ढकलला आणि त्याच्या मागोमाग रांगत आली. नेमकं टोक तिच्या नाकासमोर. तिने ते वाचलं. ह्यांचं अक्षर ठळक होतं, जाड पेन्सिल, जरा तिरकं. "सून आली की. टेबल."

ही लग्न होऊन आली त्याच्या दोन वर्षं आधी हे गेले. मला तो तुकडा ठाऊक होता. नऊ वर्षं ठाऊक होता. दरवर्षी म्हणायची, सांगू, जरा तिने स्वतःला सिद्ध करू दे.

  तुकडा दोघींनी उचलला आणि डांबरावर नेला. मग मी जाळीची गुंडाळी आणली. सून ती धरून बसली, मी खिळे ठोकले. सुताराच्या बायकोला खिळा सरळ ठोकता येतो, डोळ्यांत पाणी असलं तरी. धुराचं पाणी. बारा खिळे. भाऊजी गाडीचा भोंगा वाजवत होते. आम्ही गाडीत बसलो तेव्हा पहिल्या ठिणग्या फाटकावर पडायला लागल्या होत्या, आणि वळणावर मागे पाहिलं तेव्हा गल्ली दिसत नव्हती.

शाळेच्या बाकांवर आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत बसलो. सगळी गल्ली तिथेच. कुणी ना कुणी येऊन मला म्हणायचं, तुमच्या घरावरच आमची घरं आहेत. मी मान हलवायची. सून शेजारी होती. तिने एका माणसाला सांगितलं नाही. भाऊजी दुसऱ्या बाजूला. ज्या माणसाच्या पोटात तीळ भिजत नाही, तो त्या दिवशी तोंडाला कुलूप लावून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, वहिनी, काही पत्रं बंदच द्यायची असतात.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर सोडलं. गल्लीत शिरलो. सात घरं होती. मी दोनदा मोजली.

डोंगर काळा झाला होता, अगदी आमच्या खडीच्या पट्ट्यापर्यंत काळा, आणि तिथे कुणी रेघ मारावी तसा थांबला होता. तीस पावलांवरची लाकडं मात्र गेली होती. राख आणि वाकलेला पत्रा, बस्स. दगडसुद्धा तडकले होते. हीच आधी आमच्या भिंतीला लागून होती. मी बोटाने राख उकरून पाहिली. मग व्हरांड्याच्या मागे गेले आणि वाकले. जाळीला बाहेरून कोळशाचे बारीक कण चिकटले होते, पसाभर तरी असतील. आत फक्त कोरडी माती. उंदीरही नाही.

थोड्या वेळाने बंबवाली आली. झोप झालेली नव्हती हे दिसत होतं, पण खूश होती. वृद्धाश्रमातली चाळीसच्या चाळीस माणसं सुखरूप. ती सगळ्यांसमोर म्हणाली, आता प्रत्येक वस्तीत हे घर दाखवणार, फोटो काढून नेणार. काम असावं तर असं. लोक टाळ्या वाजवायला लागले. सून खाली बघत खडी सारखी करत होती. तिने तेव्हाही तोंड उघडलं नाही. मी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती, आणि माझी मान गल्लीत आणखी हातभर उंच झाली असती.

पण सून दुसऱ्याच्या खोट्याचं ओझं उचलून उभी होती, आणि मी टाळ्या घेत होते. हे मला सोसवेना.

"फोटो काढू नकोस," मी म्हटलं. "त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. खाली लाकूड होतं. निघताना काढलं, आणि ते हिच्यामुळे निघालं."

टाळ्या थांबल्या. बंबवाली माझ्याकडे बघत राहिली. ती चिडली होती, आणि तिला तो हक्क होता. तिने खांबावरचा हिरवा कागद नखाने खरवडून काढला. मग खिशातून विजेरी काढली, भर उन्हात पोटावर पडली आणि व्हरांड्याच्या चारी बाजूंनी सरपटत जाळी तपासली. खिळे मोजले. उठून कपडे झटकले आणि दुसरा हिरवा कागद चिकटवला.

"तुम्ही खोटं बोलताय हे मला कळलंच नाही," ती म्हणाली. "आणि अशी लपवलेली लाकडं घरोघरी असणार. मला ओळखता येत नाहीत. तुम्हाला येतील. चला माझ्याबरोबर, मावशी."

आता आठवड्यातून दोन दिवस मी तिच्याबरोबर जाते. ती टेपने मोजते, मी माणसांकडे बघते. परवा पलीकडच्या वस्तीत एक म्हातारेबुवा होते. माळ्यावर काही नाही म्हणाले, आणि बोलताना जिन्यासमोर येऊन उभे राहिले. मी म्हटलं, बुवा, बाजूला व्हा, तिथे मी स्वतः उभी राहून आलेय. माळ्यावर बायकोच्या हातच्या गोधड्या निघाल्या, अठरा, आणि झरोका उघडा. गोधड्या काढायला लावल्या नाहीत. झरोक्याला जाळी मारली. मी शिडी धरली आणि त्यांना खिळे ठोकायला लावले, वाकडे का होईना, स्वतःच्या हाताने.

डांबरावर टाकलेली एकतीस लाकडं राखेने माखली, पण शाबूत राहिली; ती आम्ही वापरायला काढली आहेत. जपायची म्हणून ठेवायची नाहीत, असं ठरलं. ज्याच्यावर जे लिहिलं आहे ते करायचं. मुलगा ट्रकवरून आला की दोन-दोन दिवस रंधा मारतो. हात बापाचा नाही, पण चालेल. टेबल पहिलं झालं. सून त्यावर घरच्या घरी कापड कापते, आणि कापताना मला सांगते की उजेड अडवू नका. टेबलाचं एक टोक मी तासू दिलं नाही. तिथे पेन्सिलीची ओळ तशीच आहे.

तिने त्या ओळीबद्दल एकदाच विचारलं, आधी का नाही सांगितलंत. मी म्हटलं, लाकडाला बसू द्यावं लागतं. ती म्हणाली, लाकडाला की तुम्हाला.

मी उजेडातून बाजूला झाले.